गोळीच्या बुडावरचं अक्षर

आमच्या शेजारच्या बिरूतात्यांच्या हातात चहाचा कप दिला की ते आधी तो डोळ्यांच्या वर उचलून त्याचं बूड पाहत. कप भरलेला, वाफ निघत असलेली, पण थेंब सांडत नसे. मग कप खाली आणून, बुडावर छापलेलं कारखान्याचं गाव म्हणत, "खुर्जाचा हाय," आणि मगच पहिला घोट घेत. आमच्या घरी ते पंधरा-सोळा वर्षं चहा घेत होते आणि कप तेच होते. मी एकदा म्हटलं, "तात्या, कालही पाहिला होता की." तर म्हणाले, "काल ह्योच कप दिलावता कशावरनं?"

गेल्या महिन्यात ते गेले. पेपरात चार ओळी आल्या. त्यात नाव, वय, 'माजी सैनिक' आणि मुलाचं नाव होतं. सगळं बरोबर होतं. पण सातारच्या आमच्या कॉलनीत दर तिसऱ्या दारावर फौजेतल्या हुद्द्याची पाटी आहे, आणि त्या चार ओळी त्यातल्या कुणालाही लागू पडल्या असत्या. म्हणून हे लिहिते आहे.

वस्तू पालथी करून पाहण्याची सवय त्यांना कुठेच सोडत नसे. माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी समोरचं रिकामं ताट उलटं केलं. वाढपी पोळ्या घेऊन थांबला. "का ओ आजोबा, जेवायचं न्हाई?" "जेवायचंय की. पर कशात जेवायचं ते तर बघू दे." मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते तिथे ते दर शनिवारी येत. पुस्तक हातात घेतलं की शेवटून उघडत. मुद्रक कोण, छापखाना कुठल्या पेठेतला, आवृत्ती कितवी, एवढं वाचून पुस्तक परत माझ्यापुढे सरकवत. "मधलं तुमी वाचा, बाई," असं म्हणत. पुस्तकांत काम करणारी म्हणून मी त्यांची बाई. मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही.

तात्या फौजेत दारूगोळ्याच्या डेपोत हवालदार होते. ट्रेनिंग सोडलं तर बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही. चोवीस वर्षं पेट्या उघडल्या, काडतुसं तपासली, खराब झालेली बाजूला काढली. काडतुसाच्या पितळी बुडावर गोलाकार बारीक अक्षरं ठोकलेली असतात. त्यात कारखाना, साल आणि जात असते. ती अक्षरं बघून तात्या ते काडतूस कुठल्या देशातलं, कुठल्या गावचं, कुठल्या लढाईच्या वेळचं ते सांगत. लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात याचा त्यांना राग होता. "गोळी म्हंजे फकस्त म्होरलं टोक. ते जातं. पितळ मागं ऱ्हातं. जे मागं ऱ्हातं त्येच्यावर लय लिवल्यालं असतं. जे जातं त्येच्यावर एखादंच अक्षर." जुन्या रायफलींच्या काही गोळ्यांच्या बुडाशी, तांब्याच्या वेष्टनातून शिसं उघडं दिसतं तिथे, असं एक अक्षर उठवलेलं असतं. ते वाचता येणारी माणसं आपल्या भागात फार नसावीत. तात्यांना येत होतं.

हे शिक्षण त्यांचं डेपोतलं, पण डोळा घरचा होता. त्यांचं गाव आटपाडीच्या पलीकडे, पावसाच्या नावाने बोंब असलेल्या पट्ट्यात. बापजादे मेंढरं राखणारे. उन्हाळ्यात चार-पाच घरांचे कळप एका रानात मिसळत आणि संध्याकाळी वेगळे करावे लागत. प्रत्येक घराची मेंढरांच्या कानाला काप द्यायची रीत वेगळी असे. तात्यांचे वडील मेंढराला हातसुद्धा न लावता, ते पळत असताना कान पाहून कुणाचं ते सांगत. "माज्या बापाला अक्षर येत नव्हतं," तात्या म्हणत, "पर वाचन लय."

डेपोत त्यांना ज्या मद्रासी सुभेदाराने शिकवलं त्याचं एक वाक्य तात्यांनी जन्मभर सांभाळलं. 'जितना लिखा है उतना पढो, आगे नहीं.' पेटीवर जे आहे तेवढंच रजिस्टरला घ्यायचं. अंदाज करायचा नाही, भर घालायची नाही. तिथे एका जास्तीच्या शब्दाने माणसं मेली असती. निवृत्तीनंतरही तात्या तसेच राहिले. शेतात नांगराला लागलेलं, माळावर पोरांना सापडलेलं, आजोबांच्या ट्रंकेत निघालेलं असं काय काय घेऊन लोक त्यांच्याकडे येत. जिवंत काडतूस असलं तर तात्या त्याला हात लावत नसत. तसंच ठेवून पोलिसांना फोन करायला लावत. बाकीचं खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली पाहत, एक वाक्य बोलत आणि वस्तू परत देत.

एकदा सांगलीहून एक गृहस्थ गाडी करून आले. मखमलीच्या डबीत एक लोखंडी गोळी होती. किल्ल्याच्या पायथ्याला मिळाली, तोफेची असावी, साडेतीनशे वर्षांपूर्वीची नक्की, असं बरंच ते बोलले. तात्यांनी ती बोटांत फिरवली.

"बेरिंगची हाय."

"म्हणजे?"

"ट्रकच्या. मागल्या चाकाच्या."

गृहस्थ रागाने लाल झाले. "अहो, तुम्ही इतिहासाचे अभ्यासक आहात का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "पर माजा मेव्हना गॅरेजवाला हाय."

ते गेल्यावर मी म्हटलं, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं? तात्या म्हणाले, "बाई, मी गोड बोलाय लागलो की लोकं माज्याकडं यायची बंद हुतील." ते खरं होतं. लोक त्यांच्याकडे येत ते त्यांच्या कोरडेपणासाठी.

बारा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी महिनाभर, कोरेगावकडच्या एका गावातून दोन माणसं त्यांच्याकडे आली. एक होता सुभाष, पन्नाशीला आलेला, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. दुसरे आनंदा, सत्तरीचे, माजी सैनिक. सुभाषचे वडील दिनकर आणि आनंदा एकाच आळीतले, एकाच दिवशी भरती झालेले. पासष्टच्या लढाईत पंजाबात दिनकर यांना गोळी लागली आणि इस्पितळात तिसऱ्या दिवशी ते गेले. सुभाष तेव्हा सहा महिन्यांचा होता. सामानाबरोबर घरी जे आलं त्यात घड्याळ होतं, पोस्टकार्ड होतं आणि एका पत्र्याच्या डबीत त्यांच्या बरगडीतून काढलेली गोळी होती. इस्पितळातल्या कुणी ती का ठेवली असेल कोण जाणे. घरात ती देव्हाऱ्यात गेली. दर खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांबरोबर तिचीही पूजा व्हायची, आणि आनंदा येऊन दिनकर यांच्या फोटोला हार घालायचे. मग ओसरीवर बसून ते पोरांना ती हकिकत सांगायचे. उसाचा फड कसा होता, त्यात ते दोघंच कसे पुढे गेले, दिनकरला गोळी कशी लागली, त्याला पाठीवर टाकून आनंदांनी कसा बाहेर आणला. सुभाष ते ऐकतच मोठा झाला.

आता गावात दिनकर यांचा स्तंभ उभा राहत होता. त्यात काचेच्या पेटीत गोळी ठेवायची आणि खाली पाटी लावायची होती. पाटीवरचा मजकूर शुद्ध मराठीत हवा म्हणून तात्यांनी मला बोलावून घेतलं. मी वही-पेन घेऊन बसले.

"शत्रूची गोळी हे तर लिवायचंच," सुभाष म्हणाला. "पर कुठल्या देशात बनल्याली तेबी घालू. पोरास्नी कळंल."

"मीच म्हनलं ह्येला, हवालदारांकडं चल," आनंदा म्हणाले. "त्येंनी सांगितलं म्हंजे शिक्का. मग कुनी काय बोलायचं कामच न्हाई."

तात्यांनी लाल फडक्यातून गोळी काढली. अठ्ठेचाळीस वर्षांचं कुंकू तिच्या बुडात घट्ट बसलं होतं. ओल्या कापसाने ते निघेना. मग त्यांनी उदबत्तीची काडी तासून टोकदार केली आणि हळूहळू कुंकू उकरलं. आनंदा खुर्चीच्या कडेवर बसून त्या काडीकडे पाहत होते. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला मित्राच्या आठवणीने भरून आलं आहे.

भिंग खाली ठेवून तात्या म्हणाले, "खडकी."

"खडकी म्हंजे? पुण्याची?" सुभाषने विचारलं.

"व्हय."

"म्हंजे... आपली?"

"आपल्या कारखान्यातली."

वहीवर मी 'शत्रूच्या' हा शब्द लिहिला होता. तो खोडावा की ठेवावा हे मला कळेना. मग आनंदा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आवं हवालदार, आनीक एक डाव बगता का?"

तात्यांना राग आला. त्यांच्या वाचनावर कुणी अविश्वास दाखवला की त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची. ती मला दिसली.

"एकदा वाचलं की वाचलं."

आनंदांनी टोपी उचलली. सुभाषने गोळी फडक्यात बांधली, पण गाठ मारली नाही. ते दोघं तात्यांच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हा सुभाष दहा पावलं पुढे होता.

यानंतर काय झालं ते आम्हाला कळायला दिवाळी उलटावी लागली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत फौजी म्हाताऱ्यांची रांग लागते. त्या रांगेत तात्यांना त्या गावचा एक जण भेटला. बँकेतून ते घरी न जाता थेट ग्रंथालयात आले. शनिवार नव्हता. माझ्या टेबलासमोर बसले.

"आनंदानं मारला म्हनत्यात."

मला काहीच उमगेना. मग त्यांनी सांगितलं. स्तंभाचं उद्घाटन झालं, काचेची पेटी रिकामीच राहिली. खंडेनवमीला आनंदा हार घेऊन गेले तर सुभाषने दारातच अडवलं. "उसात तुमी दोघंच हुता, तुमीच सांगत आलाय," एवढंच तो म्हणाला. पुढचं गावाने जोडलं. गोळी आपली, फडात माणसं दोन, त्यातला एक मेला. आनंदा कुणाला काही बोलले नाहीत. दिवाळीआधी ते गाव सोडून सांगलीजवळ कुपवाडला लेकीकडे गेले.

"पण गोळी आपली होती ना, तात्या?" मी विचारलं.

"खडकीत केल्याली हुती." ते थांबले. "बाई, फाळनी झाली तवा फौजेचा माल वाटला. भाऊ वाटनीला भांडी वाटत्यात तसा. रायफली वाटल्या, पेट्या वाटल्या. खडकीच्या पेट्या तिकडंबी गेल्या. पासष्टात तीच रायफल हिकडं, तीच तिकडं. गोळीबी तीच. कान बगून मेंढरू कुनाच्या घरचं ते कळतं. ते कुनी हाकललं ते कानावर नसतं. माज्या बापानं मला धा वर्साचा असताना सांगितल्यालं हे."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"इचारलं न्हाई." मग स्वतःलाच ते पटलं नसावं. "इचारलं हुतं. आनीक एक डाव बगा म्हनला हुता त्यो."

दुसऱ्याच दिवशी ते सुभाषकडे गेले. तासाभरात परतीच्या एसटीत बसले होते. सुभाषने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "तवा एकदा वाचलं की वाचलं म्हनला. आता म्हाताऱ्याची दया आली व्हय? तुमी गोड बोलत न्हाई म्हनून तर तुमच्याकडं आलावतो." जन्मभर एकच वाक्य बोलणाऱ्या माणसाचं दुसरं वाक्य कोण धरणार?

मग त्यांनी शोध सुरू केला. पासष्टात शत्रूच्या खंदकातून कुणी काही आणलं असेल, आणि त्यात खडकीचं एखादं जुनं काडतूस असेल, तर ते सुभाषच्या हातात ठेवता येणार होतं. साताऱ्यात, कोरेगावात, पार कराडपर्यंत ते म्हाताऱ्या फौजींची घरं फिरले. बँकेच्या रांगेत तर त्यांची चेष्टाच व्हायची.

"काय हवालदार, घावलं का?"

"न्हाई. तू काय आनलंवतास रं तिकडनं?"

"गुडघं दुखनं आनलंय. न्हेतोस का?"

"मी मलेरिया आनलावता, पर डाक्टरनं ठिवून घेतला."

तात्याही हसायचे आणि पुढच्या माणसाकडे सरकायचे. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत ते खूप थकले. मला वाटू लागलं होतं की हे मिळण्यातलं नाही. आणि मग करंज्याकडच्या, नाईक म्हणून निवृत्त झालेल्या एका फौजीच्या घरी, खिळे-मोळ्यांच्या डब्यात, ते मिळालं. पाच काडतुसं अडकवलेली पत्र्याची पट्टी होती. दारू तेव्हाच काढून टाकलेली, मोकळी. आणताना नाईकाने पट्टीवर खिळ्याने साल आणि 'शत्रूच्या मोर्च्यातून', म्हणजे खंदकातून, असं कोरलं होतं. अक्षरं वाकडी होती पण स्पष्ट होती. चार काडतुसं विलायतेची. पाचव्याच्या बुडावर खडकी, आणि साल फाळणीच्या चार वर्षं आधीचं. तात्यांनी तिथेच त्या पाचव्याची गोळी पकडीने उपसली. तिच्या बुडावर तेच अक्षर होतं.

नाईक म्हणाले, "न्या. पर परत आनून द्या. बायकू त्या डब्यानं दार अडवती, वजन कमी नगं व्हायला."

या वेळी तात्यांनी मला बरोबर घेतलं. "तवाबी तुमी हुता," म्हणाले. मी ना म्हणू शकले नाही. त्या दिवशी मीही वहीत मान घालूनच बसले होते.

सुभाषच्या घरी त्याची आई सोनाबाई ओसरीवर बसली होती. तात्यांनी पट्टी त्या दोघांच्या मधे ठेवली आणि सगळं सांगितलं. कुठे मिळाली, काय लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय. सुभाषने ती कितीतरी वेळ उलटसुलट केली.

"म्हंजे आनंदाकाकांची न्हवं ती?"

"ते हितं लिवल्यालं न्हाई," तात्या म्हणाले. "हीच गोळी दोन्हीकडं हुती, एवढंच लिवलंय. कुनाची लागली ते मी सांगू शकत न्हाई."

मला वाटलं, सगळं संपलं. पण सुभाषने मान खाली घातली. तात्यांनी 'नव्हे' असं ठाम सांगितलं असतं तर त्याने कदाचित पट्टी परत केली असती.

सोनाबाई लेकाला म्हणाल्या, "दोन वरसं झाली, मी दाराकडं बगून खंडेनवमी केली. तू मला एका शब्दानं इचारलं न्हाईस. माजा नवरा गेला तवा तू पाळण्यात हुतास. त्येला पाठीवरनं आनला त्यो आनंदा. वरसाला दोन पोती जुंधळा टाकत हुता त्यो आनंदा. आनि तुला बुडावरचं अक्षर दिसलं व्हय रं?"

"मी कुठल्या तोंडानं जाऊ, आई?"

"मी जातो," तात्या म्हणाले. "नासवलंय मी." सोनाबाईंनी देव्हाऱ्यातली गोळी आणून त्यांच्या हातात दिली. "ही घेऊन जा. त्येला म्हनावं, तूच घेऊन ये माघारी."

कुपवाडला आनंदा लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात होते. मागे लेथच्या वर्कशॉपांची ओळ, पत्रा कापणाऱ्या प्रेसचे ठोके घरातल्या भांड्यांपर्यंत पोचत. लेक घरी घासायला आणत असलेल्या छोट्या ओतीव तुकड्यांच्या धारदार कडा आनंदा कानशीने घासत बसले होते. आम्हाला पाहून उठले. सवयीने पाय जुळवले. लेकीने चहा केला आणि कामाची वेळ झाली म्हणून ती स्कूटीवर गेली.

तात्यांनी पट्टीची हकिकत सांगितली, सोनाबाईंचा निरोप सांगितला. आनंदांनी सगळं ऐकलं आणि कानशी खाली ठेवली.

"हवालदार, तुमाला एक सांगतो. हे म्या माज्या बायकूलाबी सांगितलं न्हाई." ते माझ्याकडे पाहून जरा थांबले, मग बोलत राहिले. "फडात ऊस पुरुसभर उंच. चार हातावरचं दिसत न्हाई. दिनकर म्होरं गेला. मग डाव्या अंगाला पाचट वाजलं. म्या बार टाकला. तिकडनंबी बार झालं, हिकडनंबी झालं. मग त्येचा आवाज आला. डाव्या अंगानंच आला." प्रेसचे ठोके चालू होते. "मलाच ठावं न्हाई ओ. म्हनून त्या पोराला घेऊन तुमच्याकडं आलावतो. म्हनलं, भायेरच्या देशाचं अक्षर निघालं तर सुटलो. तुमी कुंकू उकरत हुता तवा माजा जीव त्या काडीच्या टोकाला हुता."

तात्यांनी खिशातून दोन्ही गोळ्या काढल्या, एक दिनकर यांची आणि एक पट्टीतली. दोन्ही फरशीवर शेजारी आडव्या ठेवल्या, बुडं आनंदांकडे करून.

"आनंदा, ह्या दोन्ही एकाच पेटीतल्या हाईत."

"पेटीबी कळती?"

"कळती. ह्या अक्षराचा ठसा एका पेटीच्या टायमाला तडकल्याला. अक्षराच्या पायाला बारीक चीर हाय. ती ह्या दोन्हीवर हाय, दुसरीकडं कुठं न्हाई. ती पेटी तिकडं गेली. तिकडनंच आली ही गोळी."

मी तात्यांकडे पाहिलं. त्या दोन्ही गोळ्या मी भिंगातून पाहिल्या होत्या, सकाळीच, त्यांनीच दाखवल्या म्हणून. कसलीही चीर नव्हती.

"दावा," आनंदा म्हणाले.

तात्यांनी भिंग पुढे केलं. आनंदा दाराच्या उजेडाला गेले. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आधी एक गोळी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

"हाय," ते म्हणाले. "चीर हाय. दिसली."

परत येऊन त्यांनी भिंग तात्यांच्या तळहातावर ठेवलं आणि तो तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला. "लय लांबनं आला, हवालदार. आता तुमीबी निवांत ऱ्हावा."

येताना इस्लामपूरपर्यंत तात्या खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या खंडेनवमीला आनंदा गावी परतले. सुभाष स्टँडवर घ्यायला गेला होता, असं ऐकलं. पुढे दीड वर्षाने ते त्यांच्याच घरात वारले. पाटीवर काय लिहायचं हे विचारायला सुभाष आला तेव्हा तात्या म्हणाले, "नाव लिवा, गाव लिवा. गोळीचं काय लिवू नका." काचेच्या पेटीत ती आता नुसती आहे.

नाईकाची पट्टी तात्यांनी स्वतः नेऊन दिली. त्यानंतर त्यांनी कुणाचीही वस्तू वाचली नाही, आमच्या कपाचं बूडही पाहिलं नाही. कुणी आलं की म्हणत, डोळे गेले. भिंग त्यांनी मुलाकडे पुण्याला पाठवून दिलं. कॉलनीत सगळ्यांना ते खरं वाटलं. वयही तसं होतंच. मलाही काही दिवस वाटलं.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, सकाळी. मी कपडे वाळत घालत होते. ते ओट्यावर बसून पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. जाहिरातींच्या पानावरच्या अगदी बारीक टाइपावरून त्यांचं बोट चाललं होतं आणि ओठ हलत होते. फाटक वाजलं. एक तरुण शेतकरी आत आला, हातात रुमालाची पुरचुंडी. तात्यांनी पेपर मांडीखाली सारला आणि डोळे अर्धे मिटले.

"डोळं गेलं रं बाबा. दुसरीकडं बग."

"आवं आजोबा, नुसतं हातात तर घ्या."

"हातात घिऊन काय करू?"

"कवापासनं दिसंना?"

"झाली की धा वरसं."

तो पोरगा थोडा वेळ थांबला, पुरचुंडी उघडावी की नाही या विचारात, आणि मग गेला. तात्यांनी मांडीखालून पेपर ओढला. तेवढ्यात त्यांना मी दिसले. माझ्या हातात ओला पंचा होता आणि तो झटकायचा राहून गेला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी पेपराची घडी नीट केली आणि कठड्यावरून माझ्यापुढे धरली.

"वाचून दावा, बाई," ते म्हणाले. "काय काय आलंय ते."

मी पंचा दोरीवर टाकला, हात पदराला पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.